सपरीतले चिनी पोट्टे

रिंकीच्या नोकरीला सासरी कुणाचाच विरोध नव्हता, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. विरोध असता तर सासरे तोंड फिरवून शेतावर निघून गेले असते. पण इंदरलाल बिसेन यांना सुनेच्या नोकरीत भलताच रस वाटू लागला.

साल होतं दोन हजार सतरा. गोंदियाला इंग्रजीत एम.ए. करून रिंकी लग्नानंतर गोरेगावजवळच्या या गावात आली होती. नागपूरच्या मैत्रिणीच्या ओळखीनं तिला चीनमधल्या एका शिकवणी कंपनीत काम मिळालं. हुनान प्रांतातली बारावीची सहा मुलं. पुढं परदेशी कॉलेजात जायचं, म्हणून ऑक्टोबरात इंग्रजीची परीक्षा. लेखी पेपर मुलं सहज सोडवायची. तोंडी परीक्षेत मात्र त्यांची दातखीळ बसायची. रिंकीनं रोज दुपारी लॅपटॉपवरून त्यांना बोलतं करायचं होतं.

कंपनीच्या मिस लिन बाईंनी नियम आधीच बजावले होते. मागे पांढरी भिंत हवी. घरातलं माणूस दिसता कामा नये. घरगुती गप्पा नकोत.

आता मोबाइलचं नेट धरायचं ते फक्त सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत. सपरीची भिंत पोपटी. आणि घरात येणाजाणाऱ्या प्रत्येकाचा रस्ता तिथूनच. रिंकीनं दोरीवर पांढरी चादर टांगली आणि तिच्यापुढे खुर्ची टाकून ती चीनला शिकवू लागली.

मुलांनी इंग्रजी नावं स्वतःच घेतली होती, नि ती ऐकून पहिल्याच दिवशी तिला हसू आवरेना. एका मुलीचं नाव विंटर. एका मुलाचं नुसतंच सेव्हन.

"तुझ्या आयुष्यातली महत्त्वाची व्यक्ती," तिनं विषय दिला.

"माझे आजोबा," विंटर म्हणाली. "ते दयाळू आणि मेहनती आहेत. त्यांच्या हास्यात सूर्य उगवतो."

मग दुसऱ्याच्या आजोबांच्या हास्यातही सूर्य उगवला. तिसऱ्याच्याही. सहाच्या सहा सूर्य उगवून झाल्यावर रिंकीनं विचारलं, "बरं, तुझे आजोबा आज जेवले काय?" तर सहाही चेहरे असे थिजले की तिला वाटलं नेट गेलं.

असे दोन आठवडे गेले. चादरीमागे इंदरलाल बाजेवर बसून सगळं ऐकायचे. इंग्रजी कळत नव्हतं, पण मुलं बोलत नाहीत एवढं कळत होतं. एका दुपारी पाणी प्यायला उठताना त्यांचा खांदा दोरीला लागला आणि चादर खाली आली. मागे पोपटी भिंत, खुंटीवर छत्री, आणि बनियनवर उभे इंदरलाल.

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडले. "राम राम, पोट्टेहो."

स्क्रीनवर सहाही चेहरे जागे झाले.

"टीचर, हे कोण?" सेव्हननं विचारलं. दोन आठवड्यांत त्यानं स्वतःहून तोंड उघडलेलं हे पहिलंच.

"माझे सासरे. मामाजी, तुम्ही जा ना जी आत, माझी नोकरी जाईल!"

"जातो ना. पयले त्याले विचार, त्याचा आजा का करते?"

रिंकीनं नाइलाजानं विचारलं. सेव्हन म्हणाला, "आजोबा भात लावतो. वर्षात दोन वेळ."

"दोनदा?" इंदरलाल खुर्चीच्या दांड्यावर रेलले. "अन् पाणी कुठून आणते? फेकून रायला पोट्टा."

"ते म्हणताहेत, तू खोटं बोलतोस."

सेव्हनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग जे झालं ते रिंकीनं आधी पाहिलं नव्हतं. तो बोलायला लागला. व्याकरणाचे हातपाय मोडत, मध्येच चिनीत घसरत, त्यानं कालवा सांगितला, तळं सांगितलं, आजोबांच्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि आमच्या शेतात बदक काम करतो."

त्या दिवसापासून तासाच्या शेवटी थोडा वेळ इंदरलालांचा ठरला. मिस लिनला कळवायचं कारण रिंकीला दिसलं नाही. बदकांचं ऐकून तर इंदरलालांची झोप उडाली. बदकं भाताच्या बांधीत, बांध घातलेल्या तुकड्यात, सोडायची, ती किडे खातात, तण खातात, पायांनी चिखल घोटतात! ऑगस्टात भाताची रोवणी आटोपल्यावर ते गोरेगावच्या बाजारातून वीसेक बदकं घेऊन आले. रिंकीचा नवरा ओमेश्वर मोटरसायकलवर मागे बसून पाट्या सांभाळत होता आणि रस्ताभर ओळखीच्या माणसांपासून तोंड लपवत होता.

बदकांनी नाव काढलं. बांधी स्वच्छ, धान हिरवागार. इंदरलाल मोबाइलवर फोटो काढून आणायचे आणि कॅमेऱ्यासमोर धरायचे. सहा मुलं टाळ्या वाजवायची.

सप्टेंबरात एके दिवशी सेव्हन घाईघाईनं म्हणाला, "टीचर, अंकलला सांगा, भाताला डोकं आलं की बदक घरी जायला पाहिजे."

"डोकं नाही," रिंकी म्हणाली. "इंग्रजीत भाताच्या लोंबीला कान म्हणतात."

"भाताला कान?"

"हो. पूर्ण वाक्य म्हण बरं."

सेव्हननं वाक्य म्हटलं. मग एक बदक की अनेक बदकं, यावर गाडी अडली. वाक्य अगदी घोटून झालं, सहाही जणांनी एका सुरात म्हटलं, तास संपला. रिंकी खूश होऊन चहा ठेवायला गेली. वाक्यात काय म्हटलं होतं, ते सासऱ्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

पुढच्याच आठवड्यात लोंब्या भरू लागल्या आणि बदकांना समजलं की किड्यांपेक्षा चांगलं खाणं जगात आहे. इंदरलालांच्या बांधीचा एक कोपरा संपवून ती शेजारच्या सेवकराम पटलेंच्या बांधीत उतरली.

सेवकराम ऐन तासात सपरीत आले. एका हातात तुटलेल्या लोंब्या, दुसऱ्या हातात फडफडणारं बदक. चादर पुन्हा खाली. त्यानंतर बराच वेळ त्यांनी इंदरलालांची, बदकांची आणि बदकांच्या सात पिढ्यांची अशी काही विचारपूस केली की आत रिंकीच्या सासूनं, निर्मलाबाईंनी, कानांवर पदर घेतला.

"टीचर, ते काय म्हणाले?" विंटरनं विचारलं.

"ते... नाराज आहेत."

सेव्हन विचारात पडला. "ते खूप लांब बोलले. तुम्ही फार छोटं सांगितलं."

संध्याकाळी रिंकीला ते घोटलेलं वाक्य आठवलं. तिनं सासऱ्यांना जाऊन सगळं सांगितलं. इंदरलाल बाजेवर उठून बसले.

"म्हणजे त्या पोट्ट्यानं आधीच सांगतलं होतं?"

"हो जी."

"अन् तू त्याले कान शिकवून रायली होती?"

"हो जी."

त्यांनी रागवायचा प्रयत्न केला, पण मिशी हलायला लागली. "आता हे सेवकरामले सांगू नको. माया घरची सून आहे म्हणून मले हसू येऊन रायलं, त्याले नाई येणार."

नुकसानीपोटी धान द्यायचं दोघा शेजाऱ्यांत ठरलं, पण सेवकरामांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून ते तासाला हजर.

"काऊन आले, काकाजी?" रिंकीनं घाबरून विचारलं.

"त्या चिनी पोट्ट्याईनं इंदरलालचंच ऐकलं. मायी बाजू कोण सांगन? सांग त्याईले."

रिंकीनं सांगितली. या वेळी पूर्ण, शिव्या तेवढ्या वगळून. मुलांनी प्रश्न विचारले: दोन शेतांमधल्या धुऱ्याला कुंपण का नव्हतं? बदक आलं तेव्हा तुम्ही कुठं होतात? सेवकरामांनी खुर्चीत ताठ बसून उत्तरं दिली. त्या दिवसानंतर वर्गात दोन तट पडले. विंटरचं म्हणणं, चूक अंकलची. ज्याचं बदक त्यानं सांभाळावं. सेव्हन म्हणायचा, माहिती वेळेवर पोचली नाही, अंकल काय करणार? हे म्हणताना तो रिंकीकडे पाहायचा नाही, ही त्याची माणुसकी. परीक्षेपर्यंत सहाही जण इंग्रजीत असे भांडले की आजोबांच्या हास्यातला सूर्य कुणाला आठवलासुद्धा नाही.

परीक्षा झाली आणि मिस लिनचा फोन आला.

"मिस रिंकी, ही बदकं कुणाची?"

रिंकीनं सपरीचं दार लोटून घेतलं.

मिस लिननं मुलांकडून ऐकलेलं सांगितलं. पहिल्याला विषय आला 'शेजारी'. त्यानं बदकं सांगितली. दुसऱ्याला आला 'एक चूक', बदकं. विंटरला 'आवडता प्रवास' आला होता, तर तिनं बदकांचा प्रवास सांगितला, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे तुम्ही सगळे पाठ करून आलात. मग खात्री करायला त्यांनी वाट्टेल ते प्रश्न विचारले. प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. विंटर तर त्यांच्याशी वाद घालून आली. बाईंचं मत होतं की चूक बदकांची.

"आमच्या कंपनीत असं कधी झालेलं नाही," मिस लिन कडक आवाजात म्हणाल्या. मग जरा थांबून, "पाच जण पास झाले. असंही कधी झालेलं नाही."

सहावा सेव्हन. त्याला बोलायला दिलेली वेळ कालव्यातच संपली होती. बदकं पाण्यात उतरायच्या आत बाईंनी त्याला थांबवलं. डिसेंबरात त्याला पुन्हा बसायचं होतं.

रिंकीनं कंपनीला न सांगता त्याचे जादा तास घ्यायला सुरुवात केली. एके दिवशी इंदरलाल धानाच्या मळणीला गेले होते, सपरी रिकामी होती. तिनं विषय दिला, "पुढल्या वर्षी मी कुठं असेन."

"आई म्हणते मेलबर्न," सेव्हन म्हणाला. "मी... मला जायला नको."

वाक्य चुकलं होतं. रिंकीच्या जिभेच्या टोकावर दुरुस्ती आली. तिनं ती गिळली.

"मग?" ती म्हणाली.

मग तो बोलला. आजोबांचे गुडघे आता वाकत नाहीत. बाबा शहरात गेले ते गेलेच. शेतकीचं कॉलेज त्यांच्याच जिल्ह्याजवळ आहे. हे त्यानं घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. चिनी भाषेत सांगितलं तर सगळ्यांना समजलं असतं.

"इंग्रजीत चांगलं जमलं," रिंकी म्हणाली. "आता आईला चिनीत सांग."

डिसेंबरात सेव्हन पास झाला. पास झाल्या दिवशी त्यानं आईला सांगितलं की तो मेलबर्नला जाणार नाही. आईनं विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? आणि उत्तराची वाट न बघता कंपनीला फोन लावला.

त्याच दुपारी मिस लिनचा फोन आला. रिंकी नंबर बघूनच उठून उभी राहिली.

"कोण आहे?" इंदरलालांनी बाजेवरून विचारलं.

"कंपनी आहे, मामाजी."

"मंग उचल ना. मी आहो ना इथं," असं म्हणून त्यांनी अंगात सदरा चढवला आणि चादरीपुढे येऊन बसले.