हळद्याच्या वहीतले कोरे पान

"पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, पोरी. तो ज्या फांदीवर परत येतो ना, त्या फांदीपाशी गुपचूप बसायचं."

घड्याळे दुरुस्त करणारे बाबा आपल्या लेकीला हे पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी तिच्या गळ्यात होतो. ती नऊ वर्षांची होती आणि चालताना मी तिच्या पोटावर आपटत होतो. मित्रांनो, मी एक जुना, रोल घालायचा कॅमेरा आहे. देवाने मला डोळा एकच दिला, पण तो चांगला दिला.

एका रोलमध्ये माझ्यातून छत्तीस फोटो निघत, म्हणून बाबा जपून टिपत. दुकान उघडण्याआधी बागेत एक फेरी मारायचीच, हा त्यांचा नेम. तळ्याकाठी निळा खंड्या भेटे. खोडावर सुतारपक्षी टकटक करी. पण बाबांचा जीव हळद्यावर. पिवळाधमक आणि भारी लाजरा. दिसला म्हणेपर्यंत पानांत गडप! दर उन्हाळ्यात हळद्याची जोडी बागेत घरटे बांधी आणि बाबा वर्षाला तिचा एक फोटो वहीत चिकटवत. एकोणीस वर्षांची एकोणीस पाने, एकही चुकले नाही. त्या पानांमागे मी आहे, हे मी कधी विसरलो नाही. जरा जास्तच लक्षात ठेवले म्हणा ना.

लेक मोठी होऊन नर्स झाली आणि घरात नवा कॅमेरा आला. हातभर लांब नाक, मऊ गादीची पिशवी. जावयाची करावी तशी त्याची बडदास्त! रोज त्याची बॅटरी भरायची, रोज त्याची काच पुसायची. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो वीस फोटो काढी.

"पक्षी टिपायला चाललीस की लढाईला?" बाबा चिडवत.

"तुमचा डबा एक घास खाईपर्यंत याचं जेवण होतं, बाबा!"

डबा म्हणजे मी. नव्याचे नऊ दिवस असतात असे ऐकले होते, म्हणून कपाटावर बसून मी नऊ दिवस मोजले. दहाव्या दिवशीही तोच बागेत गेला. मग मी मोजणे सोडले आणि नुसता जळत राहिलो.

यंदा बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. बागेची वाट बंद. एके दिवशी लेक सांगत आली, "हळद्याची पिल्लं मोठी झालीत. दोन-तीन दिवसांत उडतील."

बाबा उठून बसले. "यंदाचं पान राहिलंय. माझ्या डब्यातनंच काढ. एकोणीस वर्षं त्यानंच काढलंय."

त्यांनी स्वतः माझ्यात रोल भरला. बोटे थरथरत होती. फिल्मचे टोक चाकाच्या खाचेत नीट अडकलेच नाही. झाकण मात्र बंद झाले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गळ्यात आणि नवा घरी! काय माझा तोरा! हळद्या चोचीत अळी घेऊन आला, तीन पिल्लांनी चोची वासल्या. तिने खटका ओढला, बटण दाबले. फिल्म पुढे सरकली की माझ्या डावीकडची कळ आपोआप फिरते. ती फिरली नाही. नव्या कॅमेऱ्याला अशी कळ नसते, त्यामुळे तिचे तिकडे लक्षच गेले नाही. माझे गेले. मला तोंड नाही, हे खरे. पण तिला कळावे असे माझ्या मनातही आले नाही. मला वाटले, कळले तर ही घरी पळेल आणि त्याला घेऊन येईल. छत्तीस वेळा मी खोटाच कट्‌कन वाजलो.

त्याच संध्याकाळी फोटोवाल्याने रोल धुऊन तिच्या हातात ठेवला. "ताई, हा कोराच आहे. आत सरकलाच नाही."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बसवले या हातांनी."

"मी कळ बघितली नाही, बाबा. चूक माझी आहे."

"राहू दे गं. यंदाचं पान कोरं राहील."

"नाही राहणार. उद्या पुन्हा जाते. पिल्लं असतील अजून. शब्द देते तुम्हाला."

त्यांनी वही मिटली. चूक कोणाची, हे फक्त मला ठाऊक होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून हातात घेत जा. नुसते कपाटावर ठेवले की आमच्या काचेवर बुरशी चढते आणि मनात हेवा. बुरशी निदान पुसता तरी येते.

आज उजाडण्याआधी लेक उठली. बाबांची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेतल्या. कपाटापाशी आली. माझ्याशेजारून तिने नवा उचलला.

मी जळलो. कसा नाही जळणार? पण ती दाराकडे निघाली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्यासाठी देवाकडे काही मागितले. म्हटले, आज त्याची नजर चुकू देऊ नकोस.

तिने आवाज न करता कडी काढली आणि ती बागेकडे निघाली.