फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी

"बाई, थांबा, थांबा! विमान येत नाहीये. दुसरीकडे वळवलं," साहेब ओरडत आले, तोवर विमानतळावरच्या नर्सबाईंनी कोरोना-तपासणीची ट्रेभर किट फोडून ठेवली होती.

रोजचीच रीत ती. विमान उतरलं की माणसांचा लोंढा येतो, तेव्हा पाकिटं फोडत कोण बसणार? आधीच फोडायची आणि काड्या-नळ्या मांडून ठेवायच्या. आज तर त्यांना लवकर सुटायची घाई होती. घरी वडील तापानं फणफणलेले, धाप लागलेली, आणि तपासणीच्या कागदाशिवाय हॉस्पिटल दारात उभं करत नव्हतं. धाकटा भाऊ त्यांना घेऊन तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात गेला होता.

"आता ह्यांचं काय करायचं, साहेब?"

"काय म्हणजे? उघडलेला माल. टाका पिवळ्या पिशवीत."

"सगळा?"

"मग काय लोणचं घालायचंय?"

नर्सबाईंचं डोकं सणकलं. हातात कालचाच निगेटिव्ह कागद असलेल्यांची नाकंसुद्धा सरकारी खर्चानं पुन्हा कोरायची, आणि जे उतरलेच नाहीत त्यांच्या नावानं फोडलेला माल जाळायला धाडायचा. लोकांच्या पैशाला काही मायबाप आहे की नाही!

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, दवाखान्यातली किट संपली. सगळी विमानतळावर गेली म्हणे. उद्या या म्हणतात."

"उद्या? अरे, इथे मी पिशव्या भरून टाकतेय रे!"

"मग तिकडेच आणतो त्यांना."

"वेडबिड लागलंय का? इथे पासपोर्टशिवाय नळीवर लावायची चिठ्ठीसुद्धा निघत नाही."

फोन कधीच बंद झाला होता.

त्यांनी साहेबांपुढे हात जोडले. "एकच नळी, साहेब. नाहीतरी टाकायचीच आहे ना?"

"मला काय कळत नाही, बाई? पण चिठ्ठी नसली तर लॅबवाले नळीला हात लावत नाहीत. माझी सासू परवा अशीच..." साहेब पिवळ्या पिशवीला गाठ मारू लागले.

बऱ्याच वेळानं काचेच्या दाराशी रखवालदाराचा आवाज चढला.

"कुठून आलात, आजोबा?"

"घरून."

"इथे फक्त बाहेरून येणाऱ्यांची तपासणी होते. तुम्ही इथलेच ना?"

"इथलाच. तेवढं चुकलं खरं."

नर्सबाई धावल्या. भाऊ गाडी लावायला जागा शोधत होता आणि वडील एकटेच भिंतीला टेकून उभे होते. नखशिखांत पांढरा पोशाख, चष्मा, मास्क घातलेली कुणी बाई समोर येतेय म्हटल्यावर त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले.

"जातो मी, बाई. ओरडू नका," ते धापा टाकत म्हणाले. "माझी मुलगी आत कामाला आहे. मी आलो होतो हे तिला तेवढं सांगू नका. जीव तुटेल तिचा."

नर्सबाईंनी वडिलांच्या काखेत हात घातला आणि त्या त्यांना एकेक पायरी उतरवू लागल्या.

"उपकार झाले, बाई," ते म्हणाले.