भांडण झालंच नाही

"भांडण कशावरून झालं?" हवालदार हरिहरने पुन्हा विचारलं.

"साहेब, भांडन झालाच नाय," परशुराम म्हणाला. "काल मी जालां शिवत बसलेलो. चंदू नि त्याचं दोन दोस्त आलं. माज्या कुबड्या उचलल्या नि खाडीत भिरकावल्या. मंग बोल्लं, जा, आन."

लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय गेलेला हा चाळिशीचा माणूस खाडीच्या चिखलातून कोपरांवर सरपटत गेला. ते तिघे बांधावर उभे राहून टाळ्या पिटत होते. कुबड्या तोवर वाहून गेल्या होत्या. आज शेजाऱ्यांनी त्याला हातगाडीवर बसवून चौकीत आणलं होतं.

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. अडचण त्याला ठाऊक असलेल्या कायद्याची होती. कुबड्या कुणी घरी नेल्या नाहीत, म्हणजे चोरी नाही. हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही. उरलं किरकोळ भांडण, आणि त्याला कारण हवं. जुनं वैर, जागेचा वाद, दारू, काहीही चाललं असतं. परशुरामकडे यातलं काहीच नव्हतं. वैर करायलाही ऐपत लागते!

तेवढ्यात सोबत आलेल्या त्याच्या आईने, आवडाबाईने, घोळ घातला. "सकालीच चंदूचा बापूस नारल घेऊन आलेला," ती म्हणाली. "मी घेतला. दारात आलेल्याला काय परत लावू?"

हवालदार खूश झाला. तोही ठाणे शहरातल्या कोळीवाड्यातच वाढलेला. दोन घरांचं भांडण मिटवायला नारळ देतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. "मग झालं की! नारळ घेतलात म्हणजे भांडण होतं, आणि ते मिटलंही. परशुराम, इथे सही कर."

आवडाबाईचा चेहरा पडला. जन्मभर पाळलेली रीत तिच्याच लेकावर उलटली होती. हे सांगतानाही असल्या रीतीची मला तर चीडच येते.

परशुरामने कागद वाचला. 'आपसातील किरकोळ भांडण.'

"आपसात कसला? मी त्यांना काय केला?"

"मग कारण काय लिहू?"

"मी लंगडा हाय म्हनून. त्याच लिवा. धडधाकट असतो तर हात लावला असता?"

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "खरंय रे तुझं. पण तसं कलम नाही."

"मंग माजी सही बी नाय."

तो खुर्चीवरून खाली उतरला. आवडाबाई पुढे झाली, हवालदारही उठला. दोघांनाही त्याने मानेनेच नको म्हटलं. हातांवर भार देत तो चौकीच्या पायऱ्या उतरू लागला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली, तशी आवडाबाईने पदर पसरून आडोसा धरला.

"बगू दे त्यांना," तो म्हणाला. "तू फुडं चाल."