निघायची तारीख

स्पर्धेला तीन आठवडे उरले आणि थोरलीच्या लॉजमधल्या अकरापैकी नऊ खोल्यांची बुकिंगं रद्द झाली. कारण सगळ्यांचं एकच, व्हिसा नाकारला. एवढी मोठी फुटबॉलची स्पर्धा, स्टेडियम चालत दहा मिनिटांवर, आणि गल्लीत शुकशुकाट. झेंडेवाला स्वतःच्याच झेंड्याने दुकानातली धूळ झटकत होता. टॅक्सीवाल्यांनी गाड्या इतक्या पुसल्या की आता रंगच निघायचा बाकी होता.

सरकारने नियम आवळले होते. प्रत्येक पाहुण्याने अर्जाला राहण्याच्या जागेचं पत्र जोडायचं होतं. नियम सगळ्यांनाच जाचणार, त्यात थोरलीला नवल वाटलं नाही. नवल वेगळंच होतं. समोर तिच्या धाकट्या जावेचा लॉज होता. तिथल्या दहातल्या चौघांना तरी व्हिसा मिळाला होता. थोरलीकडे अजून एकालाही नाही. असं का? एखादी गोष्ट उलगडली नाही की तिला अन्न गोड लागत नसे.

त्यात पोस्टमास्तरांचा फोन आला. हे परदेशातले निवृत्त गृहस्थ, दोनदा तिच्याकडे खिडकीच्या खोलीत राहून गेलेले. त्यांची मुलगी त्यांच्या देशाच्या संघाची गोलरक्षक आणि ही तिची शेवटची स्पर्धा.

"अर्ज फेटाळला," ते म्हणाले. "आता एकदाच पुन्हा करता येईल. पोरीला अजून सांगितलं नाही."

थोरलीने फोन ठेवला आणि ती तडक रस्ता ओलांडून जावेकडे गेली.

"तू पत्रात काय लिहितेस गं?"

"लागतं तेवढंच," धाकटी म्हणाली. "तुमच्यासारखं पुराण नाही लावत, जाऊबाई."

धाकटी नाकाने कांदे सोलायची, पण मनाने वाईट नव्हती. तिने पत्राची प्रत पुढे केली. मोजून तीन ओळी. पाहुण्याचं नाव, खोलीचा क्रमांक, आणि 'सतरा तारखेला दुपारी बाराच्या आत खोली रिकामी करावी.'

"अगं बाई! यायच्या आधीच घालवायचं माणसाला?"

"तुमचं दाखवा बघू."

थोरली प्रत्येक पत्र स्वतःच्या हाताने लिहायची. तिने फोनमधला फोटो दाखवला. धाकटी मोठ्याने वाचू लागली. 'कधी येताय ते कळवा, जायचं मागाहून बघू. घर आपलंच समजा. परतायची मुळीच घाई करू नका.'

धाकटीला हसू आवरेना. मग ती एकदम थांबली.

"जाऊबाई, हे व्हिसाच्या साहेबाने वाचलंय. त्याला धास्ती एकच, आलेला माणूस परत जातो की नाही. आणि तुम्ही सही करून लिहून देताय, घाई करू नका म्हणून!"

थोरली खुर्चीत बसली. पाहुण्याला जायची तारीख विचारायची नाही, हे सासूने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बावीस वर्षं तिने ते पाळलं. म्हणजे नऊ खोल्या तिने आपल्याच हाताने रिकाम्या केल्या होत्या. तिला स्वतःचाच राग आला.

तिथेच बसून तिने पोस्टमास्तरांचं नवं पत्र लिहिलं. धाकटी सांगत गेली. 'रिकामी करावी'पाशी पेन अडलं.

"'कृपया' तरी घालू?"

"घाला. पण घराबिराचं काही नको."

मग ज्यांना पुन्हा अर्ज करता येणार होता, त्या सगळ्यांना तिने तसंच लिहिलं. काहींची मुदत टळून गेली होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तर आले. थोरली धावत दारात गेली. ते मात्र बॅग हातात धरून बाहेरच उभे राहिले.

"या ना आत!"

त्यांनी नवं पत्र काढलं. "मागच्या खेपेला माझ्याकडून काही चुकलं का हो? मी सोळालाच निघेन. तुम्हाला त्रास नको."

"अहो, ते तुम्हाला नव्हतंच लिहिलं! साहेबाला लिहिलं होतं."

त्यांनी दुसऱ्या खिशातून एक घडी काढली. नकाराबरोबर परत आलेलं पहिलं पत्र होतं ते. घड्यांवर विरलेलं.

"आणि हे?"

"ते तुमचं."

ते हसले, उंबरठा ओलांडून आत आले आणि खुर्चीत टेकले. "मग मी घाई करत नाही. सतराच्या बाराचं बघू मागाहून."

 आजवर कुठल्याच पाहुण्याला न म्हटलेलं थोरलीला म्हणावं लागत होतं.

"नाही हो मास्तर. सतराला जायचंच. नाहीतर पुढच्या वेळी येऊ देणार नाहीत तुम्हाला."