कप्तानाचं काम

मी नाटककार आहे असं लोक म्हणतात. वसईच्या लढाईवर एक नाटक लिहिलं, तेच दर मे महिन्यात भुईगावच्या मैदानावर होतं, इतकीच माझी पुण्याई. चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून किल्ला घेतला, त्यावर आमच्याकडे पोवाडे होतात, रांगोळ्या काढतात, रिक्षांच्या पाठीवर चित्रं असतात. मीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले.

पोर्तुगीज कप्तानाचं काम पहिल्यापासून आमच्या गावचेच ख्रिस्ती, क्लेमेंट सर करतात. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. माझा पहिला निबंध तीनदा फाडून चौथ्यांदा लिहून घेतला तो त्यांनीच. त्या माणसाच्या तोंडी मी मोडकं मराठी घातलं. 'आमी किल्ला नाय देते' म्हटलं की मैदान लोटपोट व्हायचं, आणि सरही विंगेत येऊन पोट धरून हसायचे.

यंदा तालमीच्या पहिल्या दिवशी ते माझ्या घरी आले. पाणीही घेतलं नाही. त्यांची नात टिफनी आठवीत आहे. शाळेच्या बसमध्ये पोरं वर्षभर तिला तेच वाक्य ऐकवत होती, आणि वर 'तुम्ही परत कधी जाणार?' असं विचारत होती. आता ती घरात मराठी बोलत नाही. आजोबांनी हाक मारली तर इंग्रजीत उत्तर देते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"धनेश, कप्तान गलबतात बसून निघून गेला," ते म्हणाले. "आम्ही इथंच भात लावत राहिलो. त्या आमच्यातला एक तरी माणूस तुझ्या नाटकात आहे का? एकच घाल. दोन वाक्यं पुरेत. टिफनीला पुढच्या रांगेत बसवतो. एवढं कर बाबा, नाहीतर पोर माझ्या हातची गेली."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी ते खाली केले आणि शब्द दिला.

दोन दिवसांत लिहून काढलं आणि सरांना वाचून दाखवलं. शेवटी सर कप्तानाचा कोट उतरवून शेतकरी होतात आणि म्हणतात, 'हे गाव माझं आहे. मी कुठंही जाणार नाही.' उभ्या जन्मात मी लिहिलेलं तेवढंच खरं असावं. नाटक बसवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष शत्रुघ्न वाचून म्हणाला, विजयाच्या दिवशी हे रडगाणं कशाला, लोक हसायला येतात. हेच हवं असेल तर पुढच्या वर्षी दुसरा लेखक बघू. मी ती पानं घडी करून खिशात घातली. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सरांना फोनवर सांगितलं, यंदा जमलं नाही. ते म्हणाले, तिला मी सांगून बसलोय रे.

प्रयोगाला टिफनी पुढच्या रांगेत होती. नाटकाच्या शेवटी कप्तान चाकांच्या नावेत बसतो, विंगेतून दोघं दोरीनं नाव ओढतात, आणि लोक रुमाल हलवत 'जा, जा' ओरडतात. सर नावेपाशी येऊन थांबले. टोपी काढली, कोट काढला. पुढे आले आणि नातीकडे बघत म्हणाले, "हे गाव माझं आहे."

लोकांना गंमत वाटली. हशा झाला, 'जा, जा' वाढलं. एक चप्पल येऊन सरांच्या पायाशी पडली. शत्रुघ्न माझ्या कानाशी शिव्या घालू लागला. टिफनी उठून उभी राहिली होती. सरांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण त्या गदारोळात त्यांना शब्दच आठवेना. ते विंगेकडे, माझ्याकडे बघू लागले. कुणी अडलं की वाक्य सांगायला मीच तिथे उभा असतो.

वाक्य माझंच होतं. मला ते तोंडपाठ होतं.

"सर," मी म्हणालो, "नावेत बसा."

ते बसले. दोरीवरचे दोघे हसण्यात दंग होते, म्हणून नाव मीच ओढली.