परक्या गल्लीतलं जलदान

‘काशे, खिडकी लावू नको गो. सावित्री बोलतेय, ऐक.’

लग्नाच्या पहिल्या वर्षी रामजी असं म्हणाला होता, पोलादपूरच्या वाडीतल्या, सावित्री नदीकाठच्या घरात. बँकॉकच्या हॉटेलात, ढगांच्या शेजारच्या खोलीत काचेला तळवा लावून उभं असताना काशीबाईला तो आवाज आठवला. ही खिडकी उघडतच नव्हती. खाली नदी होती, नदीवर होड्या, काठाने गाड्यांची रीघ. एवढं गजबजलेलं शहर, पण त्याचा चकार शब्द वर पोचत नव्हता.

तिचा एकुलता एक लेक, प्रितम, याच हॉटेलात आचारी होता. आधी बापासारखाच महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. मग स्वयंपाकाचा कोर्स करून इकडे आला. कामगारांच्या घरच्यांना वर्षातून एकदा हॉटेलची खोली मिळते, म्हणून त्याने आईला बोलावून घेतलं. निघताना शेजारची शर्मिला म्हणाली होती, “बँकॉकला पुरुष जातात गो, घरात खोटं सांगून. खरं सांगून जाणारी तूच पहिली.” सगळी वाडी हसली. काशीबाईही हसली.

पण खरं तिनेही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी रामजी गेला तेव्हा प्रितमने फोनवर कळवलं, की रजा मिळत नाही. जलदानाच्या दिवशी, गेलेल्याच्या नावाने पाणी सोडायच्या विधीला, विहारातल्या भन्तेजींनी गाथा म्हटल्या आणि पाणी ओतलं पुतण्याने, स्वराजने. सगळं रीतसर झालं, कुणी बोट ठेवावं असं काही उरलं नाही. तरी ते लेकाच्या हातचं नव्हतं. एकदा, जगाच्या पाठीवर कुठेही, प्रितमच्या हातून बापाच्या नावाने पाणी पडावं, एवढ्यासाठी ती विमानात बसली होती.

पलंगावर उशाच उशा. ती कडेला अंग चोरून निजायची. सकाळी उठून चादर ताठ करायची, पांघरुणाची घडी घालायची. मग सफाईची मुलगी यायची आणि ते सगळं उसकटून नव्याने घालायची. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. दिवसभरातलं बोलणं म्हणजे तेवढंच.

संध्याकाळी प्रितम यायचा. तिला खालच्या मोठ्या दालनात न्यायचा. तिथे सोनेरी मुकुट घातलेल्या मुली बोटं वळवून नाचत, आणि पाहुण्यांचे काटे-चमचे वाजत राहत. ही इथली परंपरा, तो सांगायचा. जेवलीस का, एसी सोसतो का, सगळं विचारायचा. तिने रामजीचं नाव काढलं, की मात्र तो काहीतरी आणायला उठायचा. कधी आइस्क्रीम, कधी फणसाचे गरे. ती खायची. गोड घासामागून न बोललेला शब्दही गिळायची.

परतायच्या दिवशी पौर्णिमा होती. घरच्या रिवाजाने ती पहाटेच पांढरी साडी नेसून खाली उतरली. दारवानाने हात जोडून कमरेत वाकून तिला नमस्कार केला. मागून कुणी मोठं माणूस येतंय असं वाटून तिने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. इथे पांढरं नेसणाऱ्या बाईला व्रतस्थ समजतात, हे तिला कुठलं ठाऊक?

हॉटेलच्या मागची गल्ली मात्र जागी होती. शेगड्या पेटल्या होत्या, मोटारसायकली माणसांतून वाट काढत होत्या. एक अनवाणी भिक्खू थांबला. फुलं विकणाऱ्या बाईने त्याच्या पात्रात भात ठेवला, गुडघे टेकले, आणि तो गाथा म्हणू लागला. चाल परकी होती, उच्चार परके होते, पण शब्द तेच, रामजीच्या जलदानातले. नद्या भरभरून सागराला मिळतात, तसं इथून दिलेलं गेलेल्यांना पोचो. आणि फुलवाली लहानशा भांड्यातून झाडाच्या बुंध्याशी पाण्याची धार सोडत होती.

काशीबाईही तिथेच गुडघ्यावर बसली. गाथा संपल्यावर दोघी बरोबरच अनुमोदनाचं “साधू” म्हणाल्या. फुलवालीने चमकून तिच्याकडे पाहिलं; मग काही न विचारता भांडं पुन्हा भरलं आणि भाताच्या पुडीसकट तिच्या हातात दिलं. गल्लीच्या तोंडाशी दुसरा भिक्खू दिसत होता.

हॉटेलच्या भटारखान्याचं दार त्याच गल्लीत उघडायचं. काशीबाईने शेताच्या बांधावरून घालावी तशी हाक घातली. पांढरी टोपी सावरत, पिठाच्या हातांनी प्रितम बाहेर आला. चारचौघांत असं ओरडणं त्याला ओशाळवाणं वाटलं. मग त्याने भांडं पाहिलं.

“तुझ्या बाबाच्या नावानं ओत,” ती म्हणाली. “एवढंच मागाया आले मी.”

“नको आये. कामावर हाय मी.”

“धर.”

तोवर दुसरा भिक्खू समोर येऊन थांबला होता. प्रितमने त्याच्या पात्रात भात ठेवला आणि गाथा सुरू होताच पाणी ओतायला घेतलं. धार मध्येच तुटायची, पुन्हा लागायची. गाथा संपली, भिक्खू पुढे गेला. भांडं रिकामं झालं तरी त्याच्या हातात तिरकंच राहिलं होतं.

काशीबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “सायबानं रजा नाय दिली, त्याला तू काय करणार रे? माझ्या मनात काय नाय.”

प्रितमने नाही म्हणून मान हलवली.

“रजा मिळाली होती, आये. तिकीटबी काढलं होतं. मीच नाय आलो. नाय आलो तर बाबा तिकडं घरीच हायेत असं वाटत राहील, म्हणून.”