न पाठवलेल्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काचेला तडा गेलाय, बॅटरी तासभरही टिकत नाही, म्हणून आता खणात पडून असतो. माझी मालकीण सोल्वेग ही तळ्यांच्या पाण्याचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका तळ्याकाठी तिचं घर. उन्हाळ्यात रोज पहाटे ती नेमाने होडीतून पाण्याचे नमुने आणायची आणि मी तिच्या कोटाच्या खिशात असायचो. पाण्याचे किती फोटो काढले आम्ही! ते दिवस भाग्याचे होते.

शेजारचे म्हातारे आर्ने एकटेच राहत. सोबतीला पिपिन नावाचा कुत्रा.

"काय गं, आज तरी मासा मिळाला का नुसतं पाणीच?" ते कुंपणावरून चिडवायचे.

"पाणीच, आर्ने. मासे तुमच्या गप्पांतच मोठे होतात!"

एका शुक्रवारी पाण्यावरच्या शेवाळाच्या हिरव्या सायीत तपासणीत विष निघालं. सोल्वेगने लगेच सरकारी कचेरीला कळवलं. धोक्याची पाटी सोमवारी लागेल, असं उत्तर आलं.

"सोमवारी? लोक उद्याच पोहायला जाणार," प्रयोगशाळेतली तिची मैत्रीण रेनाटा म्हणाली. "गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाक की. सगळं गाव सकाळी तेच वाचतं."

"तिथे जुने सोफे विकतात गं! यावरचा माझा शोधनिबंध अजून तपासून छापून यायचाय. आधीच बोलले तर आपलेच शास्त्रज्ञ म्हणतील, हिला मिरवायची हौस आली."

तरी तिने माझ्यावर दोन ओळी लिहिल्या. मग पुसून टाकल्या. मी तयार होतो, मित्रांनो. पण बोट दुसऱ्याचं असतं.

शनिवारी दुपारी आर्ने पिपिनला उचलून दारात आले. त्याच्या केसांना हिरवी साय चिकटली होती, पाय ताठले होते. डॉक्टरकडे नेईपर्यंत तो गेला.

"तुला ठाऊक होतं?" आर्नेंनी विचारलं.

"काल कळलं."

"सकाळी कॉफी पिताना मी गावाचा ग्रुप वाचला गं. मग त्याला पाण्यात सोडलं."

संध्याकाळी सोल्वेगने फोटोसकट सगळं ग्रुपवर लिहिलं. "पोरं कालच पोहली, आता काय करू?" आया घाबरून विचारत होत्या. ती एकेकीला उत्तर देत राहिली. दूरच्या तळ्यांवरच्या शास्त्रज्ञांनीही ते वाचलं आणि आपापलं पाणी तपासलं. कुणी हसलं नाही. त्यानंतर ती रोज लिहू लागली. आर्नेंनी त्याखाली कधी शब्द लिहिला नाही; त्यांनी वाचल्याची खूण तेवढी उमटायची.

निबंध जानेवारीत छापून आला. तेव्हा तळ्यावर जाड बर्फ होता. अभिनंदनाचे संदेश येत राहिले आणि सोल्वेगने मला पालथं ठेवलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शास्त्रज्ञ होईल. निबंध जरूर लिहा, तपासूनही घ्या. पण ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याला आधी सांगा. तो जिथे वाचतो तिथे, त्याला समजेल अशा शब्दांत. मला नाही जपलंत तरी चालेल. त्याला जपा.